लिलाव : घरचा शब्द, शाळेत कळलेलं कूळ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला, तेव्हा विषय ठरवायला मला वेळ लागला नाही. मी बाजार समितीच्या लिलाव विभागात नोकरीला आहे. कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून फिरत भाव पुकारायचा आणि शेवटची बोली पावतीवर चढवायची, हे माझं रोजचं काम. निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरात 'लिलाव' हा शब्द पोराच्या कानावर पडतो तो पाळण्यातच. पण या शब्दाचं कूळ मला सांगितलं ते आपल्या शाळेने.

आम्हाला मराठी शिकवणाऱ्या सरांची एक पद्धत होती. ज्याच्या घरी जे काम, त्याने त्या कामातला एक शब्द वर्गात आणायचा. गवंड्याच्या मुलाने 'घमेलं' आणलं, मी 'लिलाव'. सरांच्या टेबलावर कृ. पां. कुलकर्णींचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' कायम असे. कोश चाळता चाळता सर म्हणाले की हे दोघे भाऊच निघाले, दोघेही पोर्तुगीज! घमेलं 'गामेला'वरून, लिलाव 'लेइलांव'वरून. पाव, बटाटा, काजू, चावी, इस्त्री, पगार अशी यादी फळ्यावर वाढत गेली. बाजाराच्या दिवशी घरात जे जे बोललं जायचं, त्यातलं किती समुद्रावरून आलंय, हे कळल्यावर सगळा वर्ग थक्क झाला होता.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि 1534 च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली. किनाऱ्यावर त्यांचे सौदे ज्या रीतीने होत, त्या रीतीचं नाव आपल्या लोकांनी उचललं. लिन्शोटेन नावाचा डच माणूस 1583 पासून काही वर्षं गोव्याच्या आर्चबिशपकडे चाकरीला होता. त्याचं प्रवासवर्णन 1596 मध्ये छापलं गेलं. त्यात गोव्याच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी 7 ते 9 भरणाऱ्या लिलावाचं वर्णन आहे. देशोदेशीचा माल, घोडे, दागिने तिथे विकले जात. गुलामगिरीतली माणसंही विकली जात, हेही त्याने लिहून ठेवलं आहे आणि ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. कोणी मेला की त्याचं सगळं सामान तिथेच आणून पै-पैपर्यंत विकायचं, मग तो खुद्द व्हाइसरॉय का असेना.

हा शब्द पुढे पोर्तुगीज गलबतांबरोबर फार लांब गेला. हिंदीत तो 'नीलाम' झाला, मलयाळमध्ये 'लेलम', तमिळमध्ये 'एलम', आणि इंडोनेशियात आजही सरकारी विक्रीला 'लेलांग' म्हणतात. गोव्यात बार्देशातल्या आसगाव इथे 1855 मध्ये जन्मलेले ख्रिस्ती धर्मगुरू मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दालगाद यांनी आशियाई भाषांत शिरलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा कोश 1913 मध्ये सिद्ध केला. आपल्याच मातीतल्या माणसाने केलेलं एवढं मोठं काम शाळाशाळांतून माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पण पोर्तुगीजांकडे तरी तो कुठून आला? अभ्यासक त्याचं मूळ अरबीत नेतात. 'इलाम' म्हणजे कळवणं, जाहीर करणं. त्याच धातूवरून 'मालूम' हा शब्द झाला. पेशवाईतल्या पत्रांत 'मालूम व्हावे' असं येतं, ते हेच. म्हणजे 'मालूम' आणि 'लिलाव' एकाच घरचे. एक खुश्कीने फारसीबरोबर आला, दुसरा समुद्रामार्गे. विदर्भात रेतीघाटांचा 'हर्रास' होतो, गुजरातेत 'हराजी'. तो शब्दही अरबीच, आणि सौदी अरबस्तानात जुन्या गाड्यांच्या बाजाराला आजही 'हराज' म्हणतात. गोव्यात मात्र देवळाच्या जत्रेत 'पावणी' होते. शब्द वेगळे, पण सगळीकडे गर्दीसमोर मोठ्याने बोलणं तेच.

मला या मुळाचं मोल नोकरीत आल्यावर कळलं. इंग्रजी 'ऑक्शन'च्या लॅटिन मुळाचा अर्थ 'वाढवणं'. पण भाव वाढलाच पाहिजे, असं लिलावात काही नाही. हॉलंडमध्ये आल्समेरच्या फुलबाजारात घड्याळाचा काटा वरच्या भावावरून खाली येतो आणि जो आधी थांबवेल त्याची फुलं. तोही लिलावच. भाव चढो की उतरो, तो सगळ्यांना मालूम झाला पाहिजे. जुन्या माणसांना 'हत्ता' आठवत असेल. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवायचे, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमाल हललेला बघायचा. बाजार समित्यांच्या नियमांनी तो रुमाल काढला. आपल्याकडे या नियमनाची सुरुवात झाली ती 1886 मध्ये वऱ्हाडातल्या कारंज्याच्या कापूस बाजारापासून. लासलगावची समिती 1947 ची, आणि आज चालतो तो राज्याचा कायदा 1963 चा.

ट्रॅक्टर उभा राहतो. व्यापारी ट्रॉलीच्या वरचा कांदा बाजूला सारून आत हात घालतो, एक कांदा काढून मान दाबून बघतो, पापुद्रा चोळतो. बारीक गोल्टी किती, हलक्या प्रतीचा चोपडा किती, हे त्याला तेवढ्यावर कळतं. मग मी सुरू करतो: हजार, अकराशे, साडेअकरा, बाराशे, बाराशे एक्कावन्न... एखाद्या ट्रॉलीचा सौदा मिनिटाच्या आत ठरतो. तेवढ्या वेळात चाकाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला एकेक आकडा ऐकू गेला पाहिजे, कारण भाव पटला नाही तर 'द्यायचा नाही' म्हणायचा हक्क त्याचा आहे. ऐकूच आलं नाही, तर तो हक्क वापरणार कसा? म्हणून मी ट्रॅक्टरचं इंजिन बंद केल्याशिवाय पुकारा करत नाही. उशीर होतो म्हणून व्यापारी कुरकुरतात, कुरकुरू देत. मराठीच्या तासाला मागच्या बाकापर्यंत पोचेल असं मोठ्याने वाचायची सरांची सक्ती होती, त्याचा हा उपयोग.

शाळेच्या ग्रंथालयासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दालगादांच्या कोशाचं इंग्रजी भाषांतर अशी दोन पुस्तकं मी या निमित्ताने देत आहे. मुख्याध्यापकांना एक विनंतीही केली आहे. उन्हाळ कांद्याची आवक सुरू झाली की आठवीच्या मुलांना सकाळच्या सत्राला बाजारात घेऊन यावं. येताना वह्या आणाव्यात. हमाल, मापारी, व्यापारी, शेतकरी यांच्या तोंडून पडणारे शब्द मुलांनी उतरवून घ्यावेत आणि वर्गात नेऊन कोशात शोधावेत. कोशात नसलेलेही बरेच सापडतील.