रिकामी झाली की रिकामी केली

तिसरं प्रूफ हातात आलं तेव्हा ओळ अशी होती : ‘या काळात ४००हून अधिक अरब गावे रिकामी झाली.’ दुसऱ्या प्रुफात मी स्वतः वाचलेली ओळ होती, ‘रिकामी केली गेली.’

विश्वकोशाच्या खंडाचा तो फर्मा संध्याकाळी छापखान्यात जायचा होता. मी तडक काकांच्या टेबलापाशी गेले. आमचे मुद्रितशोधक काका सत्तरीचे आहेत, त्यांच्या लाल शाईपुढे संपादकही बोलत नाहीत. मान वर न करता म्हणाले, “‘केली गेली’ हे इंग्रजी मराठी. नियमावलीत कलम आहे.”

कलम आहेच. मीच टाइप केलंय.

नोंद होती ‘पॅलेस्टिनी निर्वासित’, शब्दमर्यादा ६००. १९४७ ते १९४९ या काळात, इस्रायलच्या स्थापनेच्या आगेमागे पेटलेल्या युद्धात, पॅलेस्टाइनमधल्या सुमारे सात लाख अरबांची घरं सुटली, याबद्दल फारसं दुमत नाही. ती कशी सुटली, यावर मात्र इतिहासकार अजून भांडतात. आणि ते सगळं भांडण काकांनी लाल शाईच्या एका फटकाऱ्यात मिटवलं होतं. गावं आपली आपण रिकामी झाली, जशी पावसाळ्यात विहीर भरते.

इस्रायलची जुनी बाजू अशी की, अरब नेत्यांनीच रेडिओवरून ‘घरं सोडा’ म्हणून सांगितलं. पॅलेस्टिनी इतिहासकार वालिद खालिदी आणि आयरिश पत्रकार अर्स्किन चाइल्डर्स यांनी त्या काळच्या प्रसारणांच्या नोंदी तपासल्या. चाइल्डर्सने १९६१मध्ये लिहिलं की असा आदेश कुठेच सापडत नाही. पुढे इस्रायलची दप्तरं उघडली आणि इस्रायली इतिहासकार बेनी मॉरिस यांच्या हाती इस्रायली लष्करी गुप्तवार्ता खात्याचाच जून १९४८चा अहवाल लागला. तोवर गेलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक हगाना, इर्गुन आणि लेही या ज्यू सशस्त्र संघटनांच्या कारवायांमुळे गेले, असं त्यात म्हटलेलं. तरीही मॉरिस म्हणतात, आधी ठरवलेला कट नव्हता, युद्धातून हे घडत गेलं. दुसरे इस्रायली इतिहासकार इलान पापे म्हणतात, कट होता, आणि हगानाच्या मार्च १९४८च्या ‘योजना दालेत’ या लष्करी आराखड्याकडे बोट दाखवतात. आमच्या लेखकांनी, म्हणजे निवृत्त प्राध्यापकांनी, हे सगळं तीन शब्दांत बसवलं होतं : ‘अशा विविध कारणांमुळे’. या तीन शब्दांवर कोशातून बंदी आणायला हवी. त्याचं कलम मात्र नियमावलीत नाही.

“मग काका, कर्ता द्या,” मी म्हटलं. “कोणी रिकामी केली?”

“तू सांग. नोंद तुझी.”

दुपार त्यातच गेली. हैफा या बंदराच्या शहरात एप्रिल १९४८मध्ये बाजारावर तोफांचा मारा चालू होता आणि त्याच दिवशी शहराचे ज्यू महापौर शब्ताई लेवी अरब पुढाऱ्यांना ‘जाऊ नका’ म्हणून विनवत होते. कर्ता कोण? लिद आणि रामले या गावांत जुलैत प्रश्नच नाही : तेव्हा लष्करी अधिकारी असलेल्या यित्झाक राबिन यांच्या सहीचा हुकूम आहे आणि ५० ते ७० हजार माणसं उन्हात पायी काढली गेली. (काढली गेली! पुन्हा तेच.) त्याच महिन्यात नाझरेथमध्ये बेन डंकेलमन या इस्रायली लष्करी अधिकाऱ्याने लोकांना हाकलायला नकार दिला आणि शहर जागेवर राहिलं. प्रत्येक गावाला वेगळं क्रियापद लागत होतं, आणि माझ्याकडे उरले होते ४० शब्द.

पाच वाजता संपादकांचा फोन आला. “दोन्ही बाजू द्या आणि मोकळ्या व्हा.” आमच्याकडे ‘काहींच्या मते’ आणि ‘तर इतर काहींच्या मते’ लिहिलं की काम झालं असं मानतात. इस्रायली लष्कराचाच अहवाल यांतल्या कोणाच्या मताचा, हे कोणी विचारत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि मी गप्पच बसले. निर्वासित म्हणजे घालवून दिलेला. शब्दातच ते आहे. हिंदीतला शरणार्थी आसरा मागतो, अरबीतला ‘लाजी’ही तेच करतो, हिब्रूतला ‘पलीत’ निसटून आलेला. फाळणीनंतर कल्याणजवळच्या छावण्यांमुळे ‘निर्वासित’ हा शब्द आपल्या तोंडात इतका बसला की त्याचा अर्थ कोणी ऐकतच नाही. म्हणजे खाली आम्ही तोलूनमापून लिहीत होतो आणि शीर्षकाने निकाल केव्हाच दिला होता. मी काकांना सांगितलं. ते हसले. “शीर्षक बदलायचं तर अनुक्रमणिकेपासून सगळं हलेल. राहू दे.”

मग चष्मा काढून म्हणाले, “अगं, पण लढाई थांबल्यावर ही माणसं घरी का नाही गेली?”

“जाऊ दिलं नाही. जून ४८मध्येच इस्रायली सरकारनं ठरवलं होतं. डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी ‘परतू द्या’ असा १९४ क्रमांकाचा ठराव केला, तरी नाही.”

“मग तिथं कर्ता आहे की.”

‘इस्रायलने त्यांना परत येऊ दिले नाही.’ कर्ता, कर्म, क्रियापद, इंग्रजी वळणाचं नावही नाही. काकांनी स्वतःच्या हाताने ती ओळ समासात लिहिली. गावांच्या ओळीत ‘बहुतांशी लष्करी कारवायांमुळे’ एवढं घातलं. ‘झाली’ तसंच राहिलं. जागा करायला काहीतरी जायलाच हवं होतं. मी नाझरेथ काढलं.

खंड छापून आलाय. काका म्हणतात ओळ बरी उतरलीय. नाझरेथची चिठ्ठी मी पुढच्या आवृत्तीच्या पाकिटात टाकलीय, आणि पुढची आवृत्ती कधी निघेल हे आमच्या संस्थेत कोणी विचारत नाही.