कापडी टप: स्प्रे मारण्याआधी साबण काढा

कन्व्हर्टिबलच्या, म्हणजे टप उघडता येणाऱ्या गाडीच्या, कापडी टपावर पाणी थेंबांनी घरंगळायचं थांबलं, कापड भिजून काळपट दिसायला लागलं, की मालक बाजारातून संरक्षक स्प्रे आणतात आणि मारून मोकळे होतात. पहिल्या दोन पावसांत पुन्हा तेच, आणि खापर स्प्रेवर फुटतं. खरं कारण बहुतेक वेळा खाली असतं. धागा मळलेला असतो, किंवा धुतल्यावर त्यात साबण राहिलेला असतो. साबणाचं कामच पाण्याला धाग्यात शिरायला मदत करण्याचं. तो विणीत उरला, तर वर मारलेला थर धाग्याला धरतच नाही.

आजच्या बहुतेक कापडी टपांना तीन थर असतात. बाहेर ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचं विणलेलं कापड, मधे रबराचा पातळ थर आणि आत अस्तर. पाऊस अडवतो तो मधला रबर. म्हणून बाहेरचं कापड पूर्ण भिजलं तरी आत लगेच गळत नाही, आणि म्हणूनच दुर्लक्ष होतं. पण ओल्या कापडावर धूळ बसते, धुळीवर बुरशी धरते आणि शिवणीतला दोरा ओला राहून सैल पडत जातो. गळती सुरू होते ती अशा शिवणीपासून. स्प्रेचं काम एवढंच, की बाहेरचा धागा पाणी पिऊ नये.

आधी आपला टप कापडी आहे ना, हे पाहा. जुन्या जीपवर बाहेरून शिवून घेतलेलं हूड बहुधा रेक्झिनचं किंवा ताडपत्रीचं असतं. बोट फिरवल्यावर वीण लागली तर कापड. गुळगुळीत किंवा छापील दाणा लागला तर व्हिनाइल, म्हणजे रेक्झिनसारखं प्लॅस्टिक. व्हिनाइलमध्ये कापडाचा स्प्रे मुरत नाही, वर चिकट डाग होऊन राहतो. त्याला व्हिनाइलसाठीचं, उन्हापासून वाचवणारं ड्रेसिंग लागतं.

धुण्यासाठी मुंबई-पुण्याकडे मे महिन्याचा पहिला पंधरवडा उत्तम. पावसाळा सुरू होण्याआधी टप वाळायला आणि स्प्रे पक्का व्हायला वेळ मिळतो. गाडी सावलीत हवी आणि टप हाताला गार लागला पाहिजे. पहिली पायरी कोरडी: व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रशचं तोंड लावून सगळा टप ओढून घ्या, शिवणींच्या खाचा आणि मागच्या काचेची कड दोनदा. ही पायरी गाळून थेट पाणी मारलं, तर धुळीचा चिखल होऊन विणीत बसतो आणि मग ब्रश घासून कापडाची लव उठते.

मग नळीने सगळा टप आणि खालचा पत्राही भिजवा, म्हणजे उतरणारा मळका फेस रंगावर वाळणार नाही. क्लीनर कापडी टपासाठीचाच घ्या, प्रमाण बाटलीवरचं पाळा. भांड्यांचा साबण नको, कपड्यांची पावडर तर अजिबात नको; काळ्या कापडावर तिची पांढरी झाक राहते. मेण घातलेला कार शॅम्पूही नको, कारण मेण विणीत बसून स्प्रेला अडवतं. ब्लीच दोरा, रबरी बीडिंग (कडेच्या रबरी पट्ट्या) आणि कापडाचा रंग यांपैकी कशाला तरी धक्का लावतंच. अर्धा अर्धा टप घेऊन क्लीनर मारा, साधारण पाच मिनिटं मुरू द्या, पण वाळू देऊ नका. ब्रश मऊ हवा, घोड्याच्या केसांचा किंवा मऊ नायलॉनचा. हलक्या हाताने, विणीच्या दिशेने, एकावर एक येणाऱ्या पट्ट्यांत. डाग जात नसेल तर जोर वाढवू नका, क्लीनर दुसऱ्यांदा मारा.

वॉशिंग सेंटरवर गाडी देत असाल, तर टपाला प्रेशरची गन लावू नका, असं आधीच बजावून सांगा. ती धार शिवणीत आणि काचेच्या चिकटवलेल्या कडेत पाणी घुसवते. फिरत्या ब्रशांच्या यंत्रातही गाडी घालू नये.

आता मुख्य काम. साध्या पाण्याने खंगाळा, आणि वाटतं त्याच्या दुप्पट वेळ खंगाळा. पुरेसं झालं का, हे ओळखायची खूण अशी: स्वच्छ धुतलेला ब्रश नुसत्या पाण्यात बुडवून टपावर पाच-सहा वेळा फिरवा. फेस आला तर साबण आहे, पुन्हा खंगाळा. ओलं ओढणारा व्हॅक्यूम असेल तर शेवटी तो फिरवा. कापडातलं साबणाचं पाणी त्याने जितकं निघतं तितकं दुसऱ्या कशाने निघत नाही, शिवाय वाळायचा वेळही बराच वाचतो.

पक्ष्यांची विष्ठा खरवडू नका. ओलं फडकं पंधरा मिनिटं ठेवा, मऊ झाली की टिपून घ्या. झाडाचा चीक असेल तर फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन फक्त त्या डागावर टिपा, लगेच पाण्याने धुवा, आणि काचेच्या कडेच्या गोंदाजवळ ते नेऊ नका. बुरशी असेल तर ती उन्हात कोरडी करून, ब्रशने सुटी करून व्हॅक्यूमने ओढा. ओली घासली तर पसरते. मग एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग पाणी, दहा-पंधरा मिनिटं, आणि त्यानंतर वरची सगळी धुलाई. व्हिनेगर असो वा अल्कोहोल, आधी टपाच्या आड कोपऱ्यात थेंबभर लावून रंग उतरत नाही ना, हे पाहून घ्या.

वाळवताना टप बंदच ठेवायचा. ओला टप घडी केला तर घडीची रेघ बसते आणि आत दमट हवा कोंडते. पुण्यात उन्हात काही तास पुरतात. मुंबईत, रत्नागिरीत, गोव्यात दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. शिवणींमधलं कापड आधी वाळतं, शिवणी सगळ्यात शेवटी. हात शिवणीला लावून ठरवा.

स्प्रे निवडताना एक भेद लक्षात ठेवा. फ्लोरोपॉलिमरवाले पाणी आणि तेल दोन्ही परतवतात. सिलिकॉनवाले फक्त पाणी. शहरातल्या धुरात तेलकट काजळी असते, म्हणून माझा कल पहिल्या प्रकाराकडे. नव्या फ्लोरिनविरहित स्प्रेंमध्ये तेल परतवण्याचा गुण कमी असतो, हे गृहीत धरून टप थोडा लवकर लवकर धुवावा. रंग उडालेल्या टपाला डाय लावायचा असेल तर तो स्प्रेच्या आधी. नंतर लावलेला डाय मुरत नाही.

काचा आणि पत्रा मास्किंग टेप आणि प्लॅस्टिकने झाका. दोन सीटच्या गाडीला दोन हातांसाठी साधारण अर्धा लिटर लागतो. वीतभर अंतरावरून, पहिला हात पुढून मागे, दुसरा आडवा, म्हणजे गाळलेली जागा उरत नाही. शिवणींवर जास्त. काचेवर उडालेले थेंब लगेच पुसा. पाण्यावर आधारलेला स्प्रे असेल तर २४ तास टपाला पाणी लागू देऊ नका. नंतर पाणी शिंपडून पाहा: पट्ट्यापट्ट्यांत भिजलं तर हात कमी पडला; मोठा सलग भाग भिजला तर तिथे साबण राहिला आहे, तो भाग परत धुवावा लागेल.

रबरी बीडिंगला सिलिकॉन ग्रीस सगळ्यात शेवटी, बोटाने, अगदी पातळ. आधी लावलं आणि कापडावर गेलं, तर तिथे स्प्रे बसत नाही. पेट्रोलियम जेली वापरू नका, त्याने हे रबर फुगतं. मागची खिडकी काचेऐवजी प्लॅस्टिकची असेल तर कोरडं फडकं फिरवू नका आणि अमोनियावाला ग्लास क्लीनर टाळा.

पावसाळ्यात दर आठवड्याला नुसत्या पाण्याने टप धुवा आणि ओल्या टपावर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. एवढं करूनही गालिचा ओला झाला, तर टपाला दोष देण्याआधी पाणी निघून जायच्या नळ्या तपासा. बऱ्याच गाड्यांत त्या सीटमागे, टप घडी होऊन बसतो तिथल्या कोपऱ्यांत असतात, आणि पानं-माती अडकून तुंबतात. दोन्ही बाजूंना पेलाभर पाणी हळूहळू ओता. ते गाडीखाली पडलं पाहिजे. नाही पडलं तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी हलक्या हाताने आत सारा. तार किंवा जोराची हवा नको, आतला जोड निसटला की पाणी थेट दाराच्या खालच्या पोकळीत जातं आणि पत्रा आतून गंजतो.