सुपा म्हणजे सात

लेसोथोतल्या सेमोंकाँग गावच्या रात्रशाळेत पहिल्या संध्याकाळी मुलांनी मला त्यांचे अंक शिकवले. डाव्या करंगळीपासून अंगठ्यापर्यंत पाच. मग उजवा अंगठा, 'त्सेलेला'. गुरुजींना तिथे 'न्टाटे' म्हणतात, म्हणजे बाबा. ते म्हणाले, त्सेलेला म्हणजे ओलांडणं, या हातावरून त्या हातावर जाणं. सात म्हणजे 'सुपा', बोट दाखवणं, कारण तिथे तर्जनी येते. आठ 'रोबेदी', दोन बोटं मिटलेली. अकरा वर्षं गणित शिकवतेय, पण अंकांची नावं अशी हातातून निघालेली कधी ऐकली नव्हती.

लेसोथो हा चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला डोंगराळ देश. २००० पासून तिथे प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने मोफत झालं, २०१० मध्ये कायद्याने सक्तीचं. पण उजाडताच मेंढरं घेऊन डोंगरावर जाणाऱ्या पोराला दिवसाची शाळा कशी जमावी? आमच्या रात्रशाळेतली बरीच मुलं सालगडीच होती, वर्षाअखेरी मजुरी मेंढ्यांत मिळणारी. पायात गमबूट, अंगावर खांद्याशी पिन लावलेलं जाड ब्लँकेट. ओलं झालं की त्याला आमच्या आज्जाच्या घोंगडीसारखा वास यायचा. आम्ही माणदेशातले धनगर, त्या वासाने मला पहिल्याच दिवशी रडू आलं.

एकाला मी विचारलं, सगळी मेंढरं परत आली हे न मोजता कसं कळतं? तो म्हणाला, जी नाही ती दिसतेच की. आज्जाही हेच म्हणायचा.

मी तीन महिन्यांसाठी गेले होते. पहिला महिना भाषा कानावर बसण्यातच गेला. खरं शिकवलं ते न्टाटेंनी, मी वह्या तपासल्या आणि पाढे म्हणून घेतले. एवढ्या थोड्या दिवसांसाठी जाऊ नये, असं आज मला ठामपणे वाटतं.

निरोपाला पापा आणि मोरोहो केलं होतं, म्हणजे मक्याचा घट्ट सांजा आणि पालेभाजी. जेवताना बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा आलेल्या पाहुण्या शिक्षकांना बोटांवर मोजू लागला. गाणी शिकवणारी. फुटबॉल आणणारा. लाल टोपीवाली. पाच झाले, त्याने हात ओलांडला. मग तर्जनी सरळ माझ्याकडे केली आणि म्हणाला, "सुपा."

रागाने नाही, नुसतं मोजत होता.

रात्री मी न्टाटेंना विचारलं, माझ्या विमानाच्या तिकिटात इथल्या एका शिक्षकाचा पगार किती महिने निघेल? त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर भागाकार मांडला.