कवळीचं मऊ अस्तर सुटू नये म्हणून: माझा अनुभव

खालच्या कवळीचं सिलिकॉनचं मऊ अस्तर (लायनर) सुटायला लागतं ते बहुतेक वेळा जिभेकडच्या कडेपासून. आधी केसाएवढी पांढरी रेघ दिसते. मग तिथे अन्नकण साठतात, वास येतो, आणि पुढे ती कड नखानंही उचलली जाते. पुण्यात कवळ्यांचं काम करताना हे इतक्यांदा पाहिलंय की आता लायनरला दोष देण्याआधी मी खालचा पृष्ठभाग कसा तयार केला होता ते विचारतो.

सुटलेला तुकडा टाकून देऊ नका, आधी नीट बघा. खालचं ॲक्रिलिक (कवळीचं कडक प्लास्टिक) स्वच्छ उघडं पडलं असेल तर लायनर चिकटलाच नव्हता. ॲक्रिलिकवर सिलिकॉनचे फाटके कण राहिले असतील तर पकड चांगली होती, लायनरच फाटला. तिथे जाडी तपासायची.

ॲक्रिलिक जातीचा मऊ लायनर कवळीशी आपोआप जुळतो, पण त्याला मऊ ठेवणारं द्रव्य, प्लास्टिसायझर, पाझरून तो हळूहळू कडक होतो. सिलिकॉन मऊ राहतं. मात्र कवळीच्या ॲक्रिलिकशी ते स्वतःहून जुळत नाही. सगळी मदार प्रायमरवर, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या पातळ द्रवावर.

लायनरला जागा करायला मी कवळी आतून साधारण 2 मिमी घासतो. लायनर फार पातळ असेल तर गादीचं काम करत नाही. पण खाली 1.5 ते 2 मिमी ॲक्रिलिक उरलंच पाहिजे, नाहीतर कवळी मधोमध तडकते. जागा नसेल तर आधी बाहेरून ॲक्रिलिक वाढवावं. क्रॉसकट कार्बाइड बर (आडव्या खाचांचं फिरतं घासणीचं टोक), कमी वेग, हलका हात. दाबून घासलं की ॲक्रिलिक तापून लिपतं. सँडब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग खडबडीत करणं) मी टाळतो. त्याचे निकाल कधी चांगले तर कधी उलटे येतात, कारण घट्ट सिलिकॉन बारीक खड्ड्यांत उतरत नाही आणि तळाशी हवा अडकते.

कड निमुळती ठेवू नका. लायनर जिथे संपतो तिथे काटकोनी पायरी हवी. पातळ कड जीभ आणि ब्रश रोज थोडी थोडी सोलत राहतात.

वापरातल्या कवळीनं पाणी शोषलेलं असतं. साबणानं घासून, धुऊन ती पूर्ण सुकू द्यायची. कंप्रेसरची हवा आधी आरशावर मारून बघतो: पावसाळ्यात टाकीत पाणी साठतं, त्यासोबत तेलाचा थेंबही येतो, आणि तेवढा डाग पुरतो.

कंपनीच्या सूचनेत मनाई नसेल तर ब्रशनं मोनोमर (ॲक्रिलिक बनवायचं द्रव) लावून 180 सेकंद पृष्ठभाग ओला ठेवतो आणि मग पूर्ण उडू देतो. त्यानं वरचा थर थोडा फुगतो, प्रायमर आत शिरतो. खिडकी उघडी हवी.

प्रायमरचा एकच पातळ थर द्यायचा. खाचेत साचलेला प्रायमर पकड वाढवत नाही, मध्ये एक कमकुवत थर तयार करतो. वाळण्याचा वेळ पत्रकात असेल तेवढा पूर्ण द्यायचा, घाई इथेच नडते. बाटलीचं झाकण लगेच लावा, नाहीतर द्रावक उडून प्रायमर दाट होतो. त्या जागेला बोट लागता कामा नये. ॲडिशन जातीचं सिलिकॉन असेल तर लेटेक्सचे हातमोजेही नकोत, त्यातल्या गंधकामुळे ते सेट होत नाही, चिकट राहतं.

फ्लास्कमध्ये (साच्याच्या धातूच्या डब्यात) शिजवायच्या लायनरला आणखी एक धोका आहे: कोल्ड मोल्ड सील, म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टरला चिकटू नये म्हणून लावायचा लेप. प्लास्टरला लावताना त्याचा एखादा ओघळ ॲक्रिलिकवर गेला की तिथे पकड शून्य. मोलोप्लास्ट-बी (उष्णतेनं घट्ट होणारा सिलिकॉन लायनर) असेल तर फ्लास्क थंड पाण्यात ठेवून सावकाश 100 अंशांपर्यंत नेतो आणि 2 तास उकळतो. कवळीचं ॲक्रिलिक डो अवस्थेत, म्हणजे कणकेसारखं मऊ, असतानाच दोन्ही एकत्र पॅक करता आले तर जोड जास्त भरवशाचा होतो.

फिनिशिंगला बर लायनरकडून ॲक्रिलिककडे फिरेल असा धरायचा. उलटा धरला तर नुकतीच बसलेली कड उचकटते. मग बोथट प्रोबनं (तपासायच्या सळईनं) सगळी कड फिरून तपासतो.

कवळी घेऊन जाणाऱ्यांना सांगतो: कढत पाणी नको, मऊ ब्रश वापरा. कड सुटलीच तर घरी झटपट गोंद लावू नका. तो कडक होऊन हिरडीला टोचतो आणि ती जागा पुन्हा प्रायमर घेत नाही. तो भाग खालच्या स्वच्छ ॲक्रिलिकपर्यंत घासून काढावाच लागतो.