मूठ

सोमवार, रात्री पावणेअकरा

आईचा ताप उतरला आणि राग चढला. "दोन दिवस मी आडवी पडले होते. या माणसाने 'पाणी देऊ का' एवढंही विचारलं नाही." हे नानांच्या समोरच, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. नाना खुर्चीत. चेहरा कोरा. कोरा चेहरा हे पार्किन्सन्सचंच लक्षण, हे सहा वर्षांपूर्वीच कळलंय. पण पन्नास वर्षांच्या संसारानंतर बायकोने त्या चेहऱ्याकडे डॉक्टरच्या नजरेने बघावं, ही अपेक्षा जरा जास्तच.

मी मध्ये पडलो नाही. खरं तर मलाही तसंच वाटत होतं.

हाच माणूस २०१६ च्या उन्हाळ्यात सहासष्ट वर्षांचा होता. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपचं, म्हणजे गावागावांतल्या पाणी अडवण्याच्या स्पर्धेचं, ते पहिलं वर्ष. वरुड, अंबाजोगाई आणि आमचा कोरेगाव, असे तीनच तालुके. गावातली आमची जमीन विकून जमाना झालेला. पाणी अडलं असतं तरी आमच्या वाट्याला थेंब येणार नव्हता. तरी नाना पहाटेच्या एसटीने साताऱ्याहून निघायचे, समतल चर खणायचे आणि ऊन तापलं की तळहाताचे फोड मिरवत घरी यायचे. बक्षीस वेळू गावाला गेलं. मी म्हटलं, "बघा, फुकट गेली मेहनत." तर म्हणाले, "पाणी काय शीव बघून मुरतं का?"

त्या माणसाला आता शेजारच्या खोलीतला ताप दिसत नाही.

मंगळवार

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी उलट मलाच विचारलं. रडतात का? नाही. उदास बोलतात? नाही. जिलेबी पुढे ठेवली तर? दोन खातात, तिसरीकडे बघतात. स्वयंपाकघरात ठेवलीय म्हटलं तर उठून घेतात? नाही, बसून राहतात.

"मग हे नैराश्य दिसत नाही, अपॅथी वाटते, म्हणजे आपणहून काही करायला उठावंसंच न वाटणं," म्हणाले. "आळस नका म्हणू. पार्किन्सन्सच्या बऱ्याच रुग्णांमध्ये असते. पुढच्या तपासणीला नीट बघू."

रात्री बसून वाचत राहिलो. जिलेबीची गोष्ट थेट उंदरांवरच करून बघितलेली आहे! अमेरिकेत जॉन सॅलमोन आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात उंदरांसमोर दोन वाटा ठेवल्या. एकीच्या टोकाला जास्त खाऊ, पण मध्ये चढून जायचा अडथळा. दुसरीला थोडाच खाऊ, पण रस्ता सरळ. धडधाकट उंदीर अडथळा चढून जातो. मेंदूतल्या न्यूक्लिअस अक्युम्बन्स या भागातलं डोपामाइन (पार्किन्सन्समध्ये कमी पडतं तेच रसायन) घटवलेला उंदीर थोडक्यात समाधान मानतो. अडथळा काढून घेतला की मात्र तोही जास्त खाऊच्याच वाटेने जातो. म्हणजे त्याला जास्त काय हे कळतं, हवंही असतं. चढणं तेवढं परवडत नाही.

डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन, असं सांगणारे मेसेज रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलांबरोबर येतात. मिशिगनच्या केंट बेरिज यांनी डोपामाइन जवळजवळ संपलेल्या उंदरांच्या तोंडावर गोड थेंब टाकून पाहिले, तर ते जिभल्या चाटत होते. आवडणं शाबूत असतं. आवडतंय ते मिळवायला उठवणारं जे काही असतं, ते गेलेलं.

जिलेबी हातात दिली की नाना खातातच की.

बुधवार

सिंडोपाची, म्हणजे नानांची पार्किन्सन्सवरची, गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची, कारण डाळीतलं प्रथिन तिच्या वाटेत येतं. आज उशीर झाला आणि साडेअकराला नाना 'ऑफ', म्हणजे गोळीचा जोर ओसरून अंग अडलेलं. संडासाच्या दारात पाय खिळले. मी "डावा... उजवा..." म्हणत उभा. हिची शाळेत जायची वेळ, कुकरची शिट्टी, सगळं एकदम.

या गोळीमागची गोष्ट वाचली आणि गंमत वाटली. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवर लेख लिहिला: रक्तदाबावर तिचा गुण येतो म्हणून. आपल्याकडची जुनी मुळी ती, जगाला दखल घ्यावी लागली. पुढे तिच्यातून रेसर्पिन निघालं. स्वीडनमध्ये अर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये ते सशांना दिलं, तर ससे निपचित पडले. मग मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामाइन होतं ते एल-डोपा टोचलं आणि काही मिनिटांत ते पुन्हा हलू-फिरू लागले. डोपामाइनचं महत्त्व कळायला इथून सुरुवात झाली. २००० साली कार्लसन नोबेलचे एक मानकरी झाले. नानांच्या गोळीत तेच एल-डोपा.

उठलेल्या सशाने शेजारच्या सशाला पाणी विचारलं की नाही, हे तेवढं कुणी नोंदवलेलं दिसत नाही.

गुरुवार, झोप येत नाही

फिजिओथेरपिस्ट मुलीने पिवळा रबरी चेंडू दिलाय. दोन्ही हातांनी वीस-वीस वेळा दाबायचा. मोजायचं काम माझं. मोबाइल बघत मोजतो. आज बारावरून एकदम पंधरावर गेलो. नानांनी मान वर करून बघितलं. बोलले काही नाहीत.

आणि रात्री नेमका मूठ दाबण्याचाच प्रयोग वाचनात यावा!

ऑक्सफर्डमध्ये पॅट्रिशिया लॉकवूड, मसूद हुसेन वगैरे मंडळींनी २०१७ मध्ये छापलेला. लोकांच्या हातात मुठीचा जोर मोजणारं यंत्र दिलं. दर वेळी निवड एकच: स्वस्थ बसा आणि थोडं मिळवा, किंवा जोर लावा आणि जास्त मिळवा. फक्त कधी कमाई स्वतःला, कधी अनोळखी माणसाला. परक्यासाठी लोक कमी वेळा तयार झाले. यात नवल नाही. झोंबलं ते पुढचं: तयार झाल्यावरही त्यांनी परक्यासाठी मूठ जरा सैलच दाबली. हो म्हणायचं, करायचंही, पण जोर हातचा राखून.

बारा, पंधरा.

२०२२ मध्ये याच संशोधकांनी लोकांना एमआरआयमध्ये घालून असाच खेळ खेळायला लावला. मेंदूच्या पुढच्या बाजूला, दोन अर्धांच्या मधल्या घडीत, अँटेरिअर सिंग्युलेट जायरस नावाची वळी आहे. दुसऱ्यासाठी किती कष्ट पडतील, याची नोंद तिथे दिसली. स्वतःच्या कष्टांची तिथे दिसली नाही, ती दुसरीकडे. म्हणजे लोकांसाठी राबायचा हिशेब वेगळ्या वहीत. ती वही एखाद्याची आधी फाटू शकते का, हे मी डॉक्टरांना विचारणार आहे.

त्यांच्याच २०२१ च्या एका अभ्यासात तरुण आणि वयस्क माणसांची तुलना आहे. दुसऱ्यासाठी कष्ट उपसायला वयस्क जास्त राजी निघाले, आणि तरुणांसारखी मूठ सैल करणं त्यांच्यात दिसलं नाही. हे वाचून मला चर खणणारे सहासष्ट वर्षांचे नाना दिसले. तेव्हा मी चाळीसच्या आतला, आणि एका रविवारी त्यांच्याबरोबर जाऊन दहा वाजता सावली शोधून बसलेला.

शुक्रवार

डॉक्टरांनी आज वहीबद्दल काही कबूल केलं नाही. हसले फक्त. पण एक सांगितलं: "त्यांनी आपणहून विचारावं म्हणून वाट बघत बसू नका. सांगा. एका वेळी एकच काम, नेमक्या शब्दांत. आतून ढकलणारं कमी पडतं, ते बाहेरून द्या."

आईला सांगितलं. उंदीरही सांगितले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सांगून केलं त्याला काय अर्थ? सांगून काय कुणीही करतं."

यावर ऑक्सफर्डकडेही उत्तर नसावं. मी भाजी निवडत बसलो.

शनिवार

चेंडू. मोबाइल आत ठेवून आलो. उजवा वीस, डावा सतरा, मग नानांनीच थांबून "किती?" विचारलं. खूप दिवसांनी त्यांनी आपणहून काही विचारलं. उरलेले तीनही दाबले.

दुपारी आई पलंगावर पेपर वाचत होती. पेपर खाली न करताच म्हणाली, "अहो. मला पाणी द्या."

मी उठणार होतो. तिने पेपराच्या कडेवरून असं बघितलं, की बसलो.

नाना खुर्चीचे हात धरून दोनदा पुढे झाले, तिसऱ्यांदा उठले. उंबऱ्यापाशी अडले, तिथे मी हळूच "डावा" म्हटलं. आतून भांड्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. परत आले तेव्हा पाण्याचा माग सगळ्या फरशीवर आणि पेला अर्धा.

आईने तेवढं पाणी पिऊन टाकलं. मग पेला माझ्या हातात देत हळू आवाजात म्हणाली, "माठातलं नाही हं. बेसिनचं आणलंय."

उद्या माठ खाली, उंबऱ्याच्या अलीकडे ठेवायचा.