फाटकी गाळणी

आमची चहाची गाळणी दिवाळीपासून कडेला फाटलीय. कपाच्या तळाशी चोथा उतरतो, मी शेवटचा घोट सोडून देते, घरातल्यांनी आता बोलणंही सोडलंय.

परवा दुपारी वरच्या मजल्यावर राहायला आलेली मुलगी चहाला आली. नागपूरची, पीएचडी जर्मनीत, सध्या चार महिन्यांसाठी आयआयटीत पवईला. समुद्राच्या पाण्यातून धातू वेगळे काढायचे मेम्ब्रेन, म्हणजे गाळायचे पातळ पडदे, बनवते. नागपूरकरणीला समुद्राचं काय पडलंय, विचारलंच मी. "नाहीये म्हणूनच तर ना काकू!"

तर हजार लिटर पाण्यात सोडियम जवळजवळ ११ किलो, मॅग्नेशियम सव्वा किलोच्या वर, आणि हिला हवं ते लिथियम ग्रॅमचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. मॅग्नेशियमवर दुप्पट चार्ज, त्यामुळे मेम्ब्रेनवरही तसलाच चार्ज ठेवला की ते मागे ढकललं जातं, पण सोडियम आणि लिथियम दोघांवर सारखाच. म्हणजे एका चाळीत दोन कुलकर्णी, पोस्टमन चुकणारच. त्यात एका कुलकर्ण्याची माणसं हजारो पट.

हाबर नावाच्या नोबेलवाल्या जर्मन शास्त्रज्ञाने म्हणे पहिल्या महायुद्धाचा दंड फेडायला समुद्रातून सोनं काढायचं ठरवलेलं, काही वर्षांनी कळलं की सोनं धरलं होतं त्याच्या कितीतरी कमी, मग दिलं सोडून.

मला आपली आमची दादरची गच्ची आठवली. चौथीत असताना चौपाटीवरून बाटलीभर पाणी आणून मी परातीत वाळत घातलं होतं, मीठ विकून सायकल घ्यायची होती. तीन दिवस कावळे हाकले. लिटरमागे ३५ ग्रॅम हे तेव्हा कुठे माहीत, मूठभर करडं, रेती मिसळलेलं काहीतरी मिळालं. आई म्हणाली फेक. आजीने मात्र ते पुडीत बांधून ठेवलं आणि धाकट्याला ताप आला तेव्हा त्यातच मोहऱ्या घालून त्याची दृष्ट काढली. ताप उतरला दुसऱ्या दिवशी, क्रोसिनही दिली होती म्हणा.

म्हणजे त्या पुडीत लिथियम होतंच की! मुलीला सांगितलं तर तिने तिथल्या तिथे हिशोब केला, मिलिग्रॅमसुद्धा नाही, आणि बोलता बोलता चहा चोथ्यासकट संपवून टाकला.

बोलले नाही काही. गाळणी आणायचीय, दोन महिने म्हणतेय.