रडताना औषध आत जात नाही

केसपेपरवर दोनच ओळी होत्या : ‘इन्हेलर चालू. फरक नाही.’ खाली स्टेरॉइडचा डोस दुप्पट केलेला. मुलगा साडेतीन वर्षांचा, दम्याचा. रात्री खोकून उठणारा, जरा धावला की छातीत शिट्टी वाजणारा. दुसऱ्या दवाखान्याचा तो कागद घेऊन आई आमच्याकडे आली होती. डॉक्टरांनी मुलाला तपासलं आणि डोसला हात न लावता माझ्याकडे पाठवलं. आमच्या बालरोग ओपीडीत इन्हेलर शिकवायचं काम माझं आहे.

मी आधी शिकवत नाही, बघते. “घरी कसं देता ते करून दाखवा,” एवढंच म्हणते. आपण सांगत सुटलो की पालक माना हलवतात, आणि हललेल्या मानेवरून काही कळत नाही. आईने पिशवीतून स्पेसर, म्हणजे इन्हेलर आणि मास्क यांच्यामध्ये बसणारी प्लॅस्टिकची पोकळ नळी, काढला आणि थांबली. “सिस्टर, देतात आमच्या सासूबाई. मी सकाळीच गारमेंटला जाते.” म्हणजे शिकवलं एकीला, देणारी दुसरीच. सोलापूरच्या पूर्व भागात हे फार दिसतं. सून शिलाईच्या कारखान्यात, आजी घरी विड्या वळत नातवंडं सांभाळते, आणि दवाखान्यात मात्र आईलाच बसवून शिकवलं जातं. सासूबाई बाहेर बाकड्यावर होत्या, त्यांना आत घेतलं. घरची भाषा तेलुगू. नातू त्यांना अव्वा म्हणत होता, मीही तेच म्हटलं.

अव्वांनी नातवाला मांडीवर आडवं घेतलं, दोन्ही हात एका हाताने दाबून धरले आणि तोंडावर मास्क दाबला. मुलाने टाहो फोडला. त्यांनी लागोपाठ दोन पफ मारले, क्षणभर मास्क धरला आणि काढला. “झालं. रडला की मोठा श्वास घेतो, औषध चांगलं जातं.”

हे अव्वांच्या मनचं नव्हतं, त्यांना कुणीतरी तसं सांगितलेलं होतं. नेब्युलायझर (औषधाचं धुकं करून देणारं यंत्र) लावताना आमच्यातल्याच कितीतरी जणी आयांना असं सांगताना मी ऐकल्या आहेत. मुलांच्या वॉर्डात काम करणाऱ्यांनी हे वाक्य तोंडातून काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रडणं म्हणजे मुख्यतः बाहेर सोडलेला लांब श्वास. आत येणारा श्वास तोकडा आणि झपाट्याचा असतो. वेगाने ओढलेल्या हवेतले औषधाचे कण वळण घेऊन श्वासनळीत उतरत नाहीत. ते घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतात आणि मूल ते गिळून टाकतं. त्यात मूल मान फिरवतं, गालाशी फट पडते. हवा सोपी वाट धरते, फटीतूनच आत येते, आणि स्पेसरचा पडदा, म्हणजे श्वास आत घेतला की उघडणारी झडप, हलतसुद्धा नाही. पडदा हलला नाही म्हणजे औषध स्पेसरमध्येच राहिलं. अव्वा पफ मारत होत्या तेव्हा माझं लक्ष त्या पडद्यावरच होतं. तो जागचा हलला नाही.

मग एकेक वस्तू हातात घेतली. स्पेसर आतून लख्ख होता. रोज धुवून टर्किश टॉवेलने कोरडा पुसायच्या. इतकी निगा, आणि तिचाच तोटा होत होता. प्लॅस्टिक कापडाने घासलं की त्यावर स्थिर वीज धरते आणि फवाऱ्यातले बारीक कण भिंतीलाच चिकटून बसतात. स्पेसर रोज धुवायची गरज नाही, आठवड्यातून एकदा पुरे. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे थोडे थेंब टाकायचे, सुटे भाग पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचे, घासायचं नाही, आणि बाहेर काढून निथळत उभे ठेवायचे. टॉवेल लावायचा नाही. मास्कची कड मात्र स्वच्छ पाण्याखाली धरायची, ती मुलाच्या कातडीला लागते. इन्हेलरचा प्लॅस्टिकचा सांगाडाही धातूची डबी काढून धुवावा. त्याच्या बारीक भोकात औषधाची पूड साचली की फवारा तिरका किंवा अर्धवट येतो. धातूची डबी पाण्यात कधीच घालायची नाही. ‘पाण्यात टाका, तरंगली तर रिकामी’ हा सल्ला अजूनही दिला जातो. तो चुकीचा आहे. औषध संपल्यावरही डबीत फवारा ढकलणारा वायू उरतो, दाबलं की आवाज येतो, फवारा दिसतो, आत औषध नसतं. २०० पफची डबी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पफ दिले तर ५० दिवस पुरते. ती उघडली त्या दिवशीच संपायची तारीख डबीवर लिहून टाकावी.

दोन पफ लागोपाठ मारणं हीसुद्धा चूकच. एकाच वेळी दोन फवारे सोडले की कण एकमेकांवर आदळून जड होतात आणि तळाशी, भिंतीला बसतात. एक पफ, त्यावर पाच-सहा शांत श्वास, अर्धा-एक मिनिट थांबायचं, पुन्हा हलवायचं, मग दुसरा. हलवायचं यासाठी की बहुतेक डब्यांत औषध वायूत विरघळलेलं नसतं, तरंगत असतं. न हलवता मारलेल्या पफमध्ये कधी कमी औषध येतं, कधी जास्त. नवी डबी किंवा बरेच दिवस पडून राहिलेली डबी असेल तर आधी काही पफ हवेत सोडायचे. किती, ते आतल्या कागदावर असतं. तो कागद इतक्या बारीक अक्षरात छापतात की वाचायची कुणाची हिंमत होत नाही.

मी मास्क नाकाजवळ नेला तेव्हा त्याला तंबाखूचा वास आला. विडी वळता वळता मध्येच उठून अव्वा औषध देत होत्या, त्याच बोटांनी. स्पेसर ठेवायचा कोनाडाही कात्री आणि दोऱ्याच्या रिळांचाच. मुलगा मास्क दिसताच तोंड का फिरवतो, याचं निदान अर्धं कारण तरी मला तिथे मिळालं असं वाटतं. आधी साबणाने हात, मग मास्क, आणि स्पेसरला वेगळी सुती पिशवी.

त्या दिवशी आम्ही औषध बाजूलाच ठेवलं. मुलाला नुसता स्पेसर खेळायला दिला. त्याने मास्क आधी अव्वांच्या तोंडाला लावला, मग माझ्या, मग स्वतःच्या. श्वास घेतला की पडदा टक् वाजतो हे त्याला कळल्यावर तो वाजवतच बसला. आम्हाला हवं होतं ते इतकंच. मग त्याला अव्वांच्या मांडीवर सरळ बसवलं, पाठ त्यांच्या छातीला टेकवून. मास्क आधी हनुवटीखाली टेकवायचा आणि मग नाकावर आणायचा, म्हणजे फट राहत नाही. पफ मारून अव्वांनी तेलुगूत मोजायचं, “ओकटी, रेंडू, मूडू…”, प्रत्येक टक् ला एक. सहाव्या टक् ला मास्क काढायचा. शेवटी ओल्या फडक्याने तोंड पुसायचं, चूळ भरायला लावायची, नाही जमली तर पाणी पाजायचं. स्टेरॉइड तोंडात राहिलं तर जिभेवर पांढरे डाग धरतात.

घरी मूल रडलंच तर? थांबायचं. रोजच्या औषधाला दहा मिनिटं उशीर झाल्याने काही बिघडत नाही. झोपेत देऊ का, असं आईने विचारलं. करून बघायला हरकत नाही, पण मास्क लागताच बरीच मुलं दचकून उठतात, चिडतात आणि दुसऱ्या दिवशी जास्तच विरोध करतात. दम्याचा झटका आला असेल तेव्हा मात्र मूल शांत व्हायची वाट बघायची नाही. आराम देणारा सालब्युटामॉलचा पफ स्पेसरमधून डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे एकेक करून द्यायचा. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, बोलताना दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा औषधाचा गुण तीन-चार तासही टिकत नसेल तर थेट दवाखाना. दोन्ही डब्यांवर मार्करने ‘रोज’ आणि ‘झटका’ असं मोठ्या अक्षरात लिहून दिलं. कंपनीगणिक रंग बदलतात, रंगावर भरवसा ठेवू नये. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर असतो, म्हणून डब्या गाडीच्या डिकीत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवायच्या नाहीत हेही सांगितलं.

“पंपाची सवय लागते, त्यापेक्षा सिरप बरं,” अव्वा निघताना म्हणाल्या. त्यांना हिशोबच करून दाखवला. सालब्युटामॉलच्या साध्या सिरपचा पाच मिलिचा एक चमचा म्हणजे २ मिलिग्रॅम. एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका चमच्यात वीस पफ इतकं औषध पोटात जातं, रक्तातून अंगभर फिरतं आणि मग छातीपर्यंत येतं. मुलाचे हात थरथरतात, छाती धडधडते ती त्यामुळे. अव्वा विड्यांचा हिशोब हजारावर ठेवणाऱ्या. हा हिशोब त्यांना लगेच पटला.

पुढच्या महिन्याच्या भेटीत रात्रीचा खोकला बराच कमी होता. डॉक्टरांनी डोस पुन्हा पहिल्यावर आणला. औषध तेच, उलट निम्मं, फक्त आता ते फुफ्फुसात पोचत होतं. केसपेपरवर डोसला रकाना आहे, वजनाला आहे. ‘इन्हेलर कोण देतं, करून दाखवलं का’ याला नाही. म्हणून ‘फरक नाही’ एवढ्यावर डोस वाढतो. त्यात लिहिणाऱ्या डॉक्टरांपेक्षा त्या कागदाचा दोष मला मोठा वाटतो.

सकाळचा खोकला मात्र पूर्ण गेलेला नाही. घर एका खोलीचं. विड्यांचं सूप, पानं, तंबाखू तिथेच आणि मुलाचं अंथरूणही तिथेच. तंबाखू चाळायची ती मुलगा अंगणवाडीत असताना, दाराबाहेर. फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. इतकं अव्वांनी मान्य केलं. विड्या वळणं थांबवा असं मी म्हटलं नाही, त्या हजारावर घर चालतं. पुढच्या भेटीतही सकाळचा खोकला राहिला तर डॉक्टरांपुढे पुन्हा डोसचाच प्रश्न येईल. त्याआधी अव्वांच्या घरी एकदा जाऊन सूप कुठे असतं आणि उशी कुठे, हे बघायचं मी ठरवलं आहे.